आर्व्हिडची मांडी आणि मार्लिसचं लाटणं

काठीचा विषय आर्व्हिडच्या संघातल्या व्हर्लिनने काढला तो अगदी निघताना. कॉफी पिऊन झाली होती, थंडीबद्दल बोलून झालं होतं, तळं यंदा कधी गोठेल यावर दोघांचं एकमतही झालं होतं. मग त्याने कोट चढवला, टोपी कानांवर ओढली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. पाईन पोर्टेज गावात महत्त्वाचं बोलणं असं दारातच व्हायचं. बसल्या जागी बोललं तर समोरच्याला वाटायचं, कुणी गेलं की काय.

"मी काय म्हणतो, आर्व्हिड," व्हर्लिन दाराच्या बिजागरीला उद्देशून म्हणाला, "यंदा तू काठी वापरलीस ना, तरी चालेल हं. कुणाला काही वाटायचं नाही."

आणि गेला. दारातून आत आलेली थंडी मात्र बराच वेळ तिथेच उभी राहिली.

कर्लिंगच्या खेळात बर्फावरून जड दगड सोडायचा असतो. पाय रोवायचा, उकिडवं बसायचं, आणि दगडाच्या मुठीला धरून आपणही त्याच्याबरोबर बर्फावरून घसरत जायचं. पुढे एक रेषा असते. तिच्या आधी दगडाचा हात सोडायचा, लेकीला सासरी धाडताना सोडावा तसा, हळूच. ज्यांच्या गुडघ्यांना हे झेपत नाही, ते उभ्या उभ्या एका लांब काठीने दगड ढकलतात. नियमात बसतं. काठीवाल्यांनी सामनेही जिंकलेले आहेत. काठीत काहीच वाईट नाही, असं आर्व्हिड टॉलेफसन स्वतः कितीतरी जणांना सांगत आला होता. सगळे त्याच्याहून म्हातारे होते.

खरं सांगायचं तर आर्व्हिडचा दगड कुठे जाईल हे त्या दगडालाही ठाऊक नसायचं. पण आर्व्हिड जायचा तो बघण्यासारखा. लून पक्षी संध्याकाळी तळ्यावर उतरतो, छातीने पाणी कापत, आवाज न करता, तसा तो जायचा. एक हात मागे, मान वर, चेहऱ्यावर रविवारच्या प्रार्थनेतलं समाधान. आठवडाभर जिल्हा कचेरीत घरपट्टीच्या खिडकीमागे बसून लोकांना त्यांच्या घराची किंमत वाढल्याची आनंदाची बातमी द्यायची, आणि लोकांनी रडवेल्या चेहऱ्याने 'थँक यू' म्हणायचं, असं त्याचं आयुष्य. त्या आयुष्यात लून होता येईल अशी जागा ती एवढीच होती. आणि मागच्या मोसमाच्या शेवटी तो पाय रोवून उकिडवा बसला तो बसलाच. दगड एकटा गेला.

"मी काठी घेणार नाही," त्याने बायकोला सांगितलं.

मार्लिसला सर्दी झाली होती. तिला ती नोव्हेंबरात व्हायची आणि नाताळपर्यंत पाहुणी म्हणून राहायची. "दको घेऊ," ती रुमालातून म्हणाली.

आता फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी आर्व्हिडची मांडी चार ठिकाणी दाबली, आणि चारही ठिकाणी त्याने "छान आहे" म्हणून सांगितलं, पण डोळ्यांत पाणी आणून. बाई म्हणाल्या, मांडी आखडली आहे. खेळायच्या आधी फोमचा रोलर घ्या. जमिनीवर ठेवा, त्यावर मांडी टेकवा, हळूहळू पुढेमागे व्हा. जिथे दुखेल तिथे थांबा, श्वास सोडा. मग थोडं चाला, लांब पावलं टाकून वाका, आणि मग बर्फावर उतरा. "जोर लावू नका," त्यांनी बजावलं. "घाई करू नका." आर्व्हिडने मान डोलावली. जोर आणि घाई सोडून तिसरी काही रीत असते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

रोलर त्याने घेतला तो हार्डवेअरच्या दुकानातून. काळा, गुळगुळीत, ओंडक्याएवढा. दिवाणखान्यात गालिच्यावर ठेवला, त्यावर पालथा पडला आणि पुढे सरकला. रोलर मागे सरकला. दोघांची चुकामूक झाली. आर्व्हिडचं नाक गालिच्यात आणि रोलर सोफ्याखाली.

"काय शोधतोयस?" मार्लिसने विचारलं.

"व्यायाम करतोय."

"सापडला की सांग."

पण आठवड्याभरात त्याला थोडं साधलं, आणि साधलं की माणसाला ते चारचौघांत करावंसं वाटतं. त्याने रोलर क्लबात नेला. क्लबात बर्फाच्या बाजूला मोठी काच, काचेअलीकडे टेबलं, कॉफी, आणि सामना बघायला बसलेली मंडळी. त्या मंडळींच्या पायांशी आर्व्हिड आडवा झाला आणि कण्हायला लागला. कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. सगळे मान वर करून छताकडे बघू लागले, जणू छत आजच घातलं होतं.

खरी पंचाईत बर्फावर झाली. रोलर स्वस्तातला होता. त्याचा भुगा पडायचा. तो भुगा आर्व्हिडच्या पँटीला चिकटून बर्फावर गेला, आणि कर्लिंगच्या दगडाला एवढासा कणही खपत नाही. व्हर्लिनचा शेवटचा दगड, अगदी नेमका सोडलेला, वाटेत एका काळ्या कणावर अडला, वळला आणि कडेच्या फळीला जाऊन टेकला. व्हर्लिनने तो कण चिमटीत उचलला. "बरं," तो म्हणाला. व्हर्लिनच्या तोंडून 'बरं' येणं म्हणजे दुसऱ्या गावात टेबलं उलथणं.

दुसऱ्या दिवशी बर्फ-समितीने सूचना लावली. 'बर्फावर फोमचे कण आढळले आहेत. कुणाचंही नाव घेण्याची समितीची इच्छा नाही. तरी जिल्हा कचेरीत काम करणाऱ्या उंच सभासदांनी काळ्या रंगाची लांबट वस्तू इमारतीत आणू नये, न आणल्यास समिती आभारी राहील.' आर्व्हिडने रीतसर अर्ज केला: भुगा न पडणारा रोलर आणला तर चालेल का? समितीने अर्जाचं मनापासून स्वागत केलं आणि विचार एप्रिलमध्ये करू म्हणून कळवलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळवतात. खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे आर्व्हिडला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यानंतर दोन दिवस तो कचेरीत लोकांशी फार गोड वागला, आणि लोक घाबरले.

मग रोलर गराजमध्ये राहायला गेला. पण गराजचं दार उघडं, आणि शेजारी ड्वेनचा कुत्रा फ्रिट्झ. फ्रिट्झने रोलर बघितला आणि त्याला वाटलं, देवाने प्रार्थना ऐकली. ड्वेनने रोलर परत आणून दिला तेव्हा तो खाल्लेल्या कणसासारखा दिसत होता.

"त्याला वाटलं, तू त्याच्यासाठीच आणलायस," ड्वेन म्हणाला. "फार खूश आहे तो. तुझ्याबद्दल आता त्याचं मत चांगलं झालंय."

"आधी नव्हतं?"

"आता कशाला तो विषय." ड्वेनने बर्फ उडवण्याचं यंत्र बंद केलं. सल्ला देताना तो यंत्र बंद करायचा, आणि सगळ्या आळीला कळायचं की सल्ला चालू झाला. "हे बघ, फोमबिम लेकरांचं काम. मी तुला पाईपचा करून देतो. सांडपाण्याचा जाड पाईप, वर गालिच्याचा तुकडा. ट्रक गेला तरी मोडायचा नाही."

"माझ्यावरून ट्रक कशाला जाईल?"

"तसं नाही रे. बोलायची पद्धत."

ड्वेनचा पाईप आला. भक्कम होता, यात वाद नाही. आर्व्हिडने तो गराजमध्ये ठेवला, अर्धी चड्डी घातली आणि त्यावर पाठ टेकून आडवा झाला. म्हटलं, आधी पाठीचं बघू, मग मांडीकडे येऊ. आता, गराजची जमीन दाराकडे उतरती असते. गाडीवरचा बर्फ वितळला की पाणी बाहेर जावं म्हणून. हे आर्व्हिडला ठाऊक होतं. घरपट्टीच्या कागदांत त्याने अशा हजारो गराजांची मोजमापं वाचली होती. पण पाठीला ते ठाऊक नव्हतं. पाईप हलला, आर्व्हिड हलला, आणि दोघंही संथपणे, मग जरा लगबगीने, दारातून बाहेर, अंगणातल्या बर्फावरून खाली, रस्त्यावर. वर निळंशार आभाळ, बर्च झाडांच्या पांढऱ्या फांद्या, फांदीवर एक चिकडी पक्षी. क्षणभर त्याला वाटलं, आपण लून झालो. मग डावीकडून बर्फ ढकलणारा ट्रक आला.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम केला, कारण गावात रस्त्यात दिसलेल्या माणसाला बोट उचलून रामराम करतात, मग तो कसाही दिसो. आणि वळसा घालून गेला.

"मोडला नसता बघ," पलीकडून ड्वेन म्हणाला.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने काठी घेतली असती. आर्व्हिड स्वयंपाकघरात गेला, मलम शोधायला. मलम सापडलं, आणि त्याच खणात मार्लिसचं लाटणं सापडलं.

ते साधं लाटणं नव्हतं. लेफ्सा लाटायचं होतं. लेफ्सा म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पोळी, इतकी पातळ की पलीकडचं दिसावं, आणि ती लाटायला लागतं जाडजूड लाटणं, अंगभर खाचा असलेलं. मार्लिसला ते तिच्या गुड्रुनमावशीने दिलं होतं, आणि नाताळाआधी चर्चच्या तळघरात जे जेवण होतं, त्यातल्या लेफ्सा वर्षानुवर्षं मार्लिसच्या हातच्या असत. गावात म्हणायचे, मार्लिसच्या लेफ्सेतून प्रार्थनेचं पुस्तक वाचता येतं. लाटण्याला कापडी मोजा घातलेला होता, पीठ चिकटू नये म्हणून.

आर्व्हिडने इकडेतिकडे पाहिलं. खुर्चीवर बसला, मांडीला मलम चोळलं आणि वरून लाटणं फिरवलं.

काय सांगावं! जात्याखाली दाणा फुटावा तशी आतली एकेक गाठ फुटत गेली. मांडीने सुस्कारा सोडला. आखडलेला पाय गोठलेल्या ओढ्यासारखा आतून वाहू लागला. त्या दिवशी क्लबात सरावाला तो खाली बसला आणि उठला, बसला आणि उठला, आणि चार हात का होईना, घसरत गेला. मग रोज पहाटे मार्लिस झोपलेली असताना हा नेम सुरू झाला. मलम, लाटणं, पुसून परत खणात. मलमात कापूर होता, पेपरमिंट होतं, आणखीही काही होतं ज्याने वस्तीतली मांजरं दूर राहायची. सगळं घर त्या वासाने इतकं भरलं की आर्व्हिडला तो येईनासा झाला. आणि मार्लिसला सर्दी होती.

चर्चच्या जेवणाला सगळं गाव जमलं. लांब टेबलं, मेणबत्त्या, मटणाचे गोळे, लोणी-साखर पसरून गुंडाळलेल्या लेफ्सांच्या राशी. पास्टर लुंडीननी प्रार्थना म्हटली. मग सगळ्यांनी एकाच वेळी पहिला घास घेतला.

शांतता पसरली. चर्चमध्ये असते तशी शांतता नव्हे. चर्चमध्ये कुणीतरी खोकतं. इथे खोकणाऱ्यांचे खोकले थांबले.

आर्व्हिडच्या जिभेवर गारवा पसरला, नाकातून वर गेला, डोळ्यांत उतरला. हा गारवा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या मांडीच्या तर फारच ओळखीचा होता. घास गिळेना आणि टाकवेना.

"वेगळंच आहे," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"नाही, वेगळं आहे खरं," त्यांची बायको म्हणाली.

"श्वास कसा मोकळा झाला," पास्टर डोळे पुसत म्हणाले, आणि कर्तव्यबुद्धीने आणखी एक घेतली. कुणीही ताट बाजूला सारलं नाही. सगळं गाव खाली मान घालून, डोळे पाणावत, रांगेने मलम खात होतं. ड्वेनने तर तीन खाल्ल्या. त्याचं म्हणणं, त्याच्या खांद्याला बरं वाटलं.

स्वयंपाकघराचा कारभार आर्डिसकडे असायचा. आर्डिस म्हणजे व्हर्लिनची बहीण. एक गुडघा अधू, त्यामुळे लंगडत यायची, पण कुठल्याही चुकीपाशी सगळ्यांआधी पोचायची. ती मार्लिसजवळ आली. "अगं, यंदा मसाला बदललास का?"

"बटाट्यात मसाला कसला?" मार्लिसने स्वतः तुकडा मोडून खाल्ला. तिला काहीच लागलं नाही. पण तिने मान वर केली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला आपला नवरा पाहिला. अख्ख्या हॉलमध्ये तो एकटाच छताकडे बघत होता.

ती त्याच्यापाशी गेली. "गाडीची किल्ली," ती म्हणाली.

लाटणं गरम पाण्यात बुडालं, व्हिनेगरमध्ये बुडालं, सोड्याने घासलं गेलं, कडाक्याच्या थंडीत दोरीवर टांगलं गेलं. वास गेला नाही. मार्लिस बोलत नव्हती असं नाही. "मीठ दे" म्हणत होती, "दार लाव" म्हणत होती. ओरडली असती तर आर्व्हिडला बरं वाटलं असतं. त्याने माफी मागितली, पुन्हा मागितली. दोन्ही वेळा ती "ठीक आहे" म्हणाली, आणि दोन्ही वेळा ठीक नव्हतं.

मग आर्डिस आली. कॉफी झाली, थंडीबद्दल बोलणं झालं. आर्व्हिड स्वयंपाकघरात बशा पुसत होता. आर्डिसने कोट चढवला, टोपी घातली, दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"मी काय म्हणते, मार्लिस," ती बिजागरीला म्हणाली, "पुढच्या वर्षी तू नुसती कॉफी सांभाळलीस ना, तरी चालेल हं. कुणाला काही वाटायचं नाही."

दार लागलं. मार्लिस तिथेच उभी राहिली, दाराकडे तोंड करून, हात ॲप्रनमध्ये. तिची पाठ आर्व्हिडला दिसत होती. इतकी वर्षं पाहिलेली पाठ, पण इतकी लहान कधी दिसली नव्हती.

"मला वाटेल," तो म्हणाला.

"काय?"

"ती म्हणाली ना, कुणाला काही वाटायचं नाही. मला वाटेल."

मार्लिसने नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं. मग म्हणाली, "शनिवारी सामना आहे ना तुझा?" आणि बशा लावायला घेतल्या.

शनिवारी क्लबात गर्दी होती. आर्व्हिड बिनलाटण्याचाच आला होता; मागायचं तोंड नव्हतं. त्याने वाकून पाहिलं. मांडीने नाही म्हटलं. कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी, व्हर्लिनने काठी टेकवून ठेवली होती. आर्व्हिडने काठीकडे पाहिलं. काठीही त्याच्याकडे बघत होती. आणि त्याचा हात, नको नको म्हणत, तिच्याकडे निघाला.

"झोप," मागून आवाज आला.

मार्लिस कोट घालून उभी होती. पिशवीतून तिने लाटणं काढलं. स्वच्छ मोजा घातलेलं.

"इथे?"

"मग काय चर्चमध्ये? त्या बाकावर. पालथा."

सगळ्या मंडळींच्या नजरांनी छत गाठलं. मार्लिसने बाह्या सारल्या आणि नवऱ्याच्या पँटीवरून लाटणं फिरवायला सुरुवात केली. तिचे हात हलके, लय ठरलेली; मधून कडेला, मधून कडेला, जणू ओठांत कुठलंसं गाणं आहे आणि लाटणं ते म्हणतंय.

"तू दाबत होतास, हो ना?" ती म्हणाली. "दाबायचं नसतं. जोर लावला की पोळी फाटते. ती आपणहून पसरते, आपण नुसतं बरोबर जायचं."

"मी काय बटाटा आहे?"

"बटाटा बरा. त्याला सांगितलेलं कळतं. श्वास सोड."

त्याने श्वास सोडला. मग तिने त्याला उठवलं, लांब पावलं टाकत चालायला लावलं, वाकायला लावलं, टेबलांमधून, कॉफीच्या किटलीला वळसा घालून. मग पाठीवर थाप मारली. "जा आता."

पाळी आली तेव्हा आर्व्हिडने पाय रोवला. खाली बसला. मांडी कुरकुरली, मग गप्प झाली. दगडाची मूठ धरली, आणि निघाला.

एक हात मागे, मान वर. खाली बर्फ सळसळत होता, बाजूच्या रंगीत रेषा वाहत होत्या, आणि साठी उलटलेला घरपट्टीचा कारकून तळ्यावरच्या पाखरासारखा, कुठे काही न दुखता, पुढे पुढे जात होता. रेषेच्या आधी त्याने दगडाचा हात सोडला. दगड गेला. आर्व्हिडही पोटावर आणखी थोडा गेला, कारण थांबायचं कसं याचा विचार कुणी केलेला नव्हता.

दगड जिथे थांबला तिथे त्याची कुणालाच गरज नव्हती. सामना गेला. पण त्या खेळात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना बिअर पाजायची असते, त्यामुळे हरल्याचं दुःख फार वेळ टिकत नाही. व्हर्लिन काठी घेऊन धावत आला, उठायला आधार म्हणून.

काचेवर खडखड झाली. मार्लिस पलीकडून लाटण्याने काच वाजवत होती आणि जोरजोरात मान हलवत होती. व्हर्लिन काठी घेऊन माघारी गेला. आर्व्हिड एक गुडघा, एक हात, दुसरा गुडघा करत आपल्या सवडीने उठला, आणि तोवर सगळ्या क्लबाने छताचा कोपरान्कोपरा पाहून घेतला.

काचेअलीकडे आर्डिस मार्लिसशेजारी येऊन उभी राहिली होती. ती गुडघा चोळत लाटण्याकडे बघत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुला काही अडचण नसेल तर... नाही, राहू दे. तू दमली असशील."

"नाही, नाही, दमले कुठे."

"उगाच तुला त्रास."

"त्रास कसला." मार्लिसने लाटणं उचललं, पण जागची हलली नाही. "आर्डिस, पुढच्या वर्षी लेफ्सा कोण लाटतंय?"

आर्डिसने छताकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे पाहिलं.

"तूच की गं," ती म्हणाली. "पण लाटणं?"

"नवं. आर्व्हिड आणून देणार आहे, त्याला अजून सांगायचंय. हे आता पायांचं." मार्लिसने मोजा नीट ओढून घेतला. "बस. आणि दुखलं तर दुखतंय म्हण. 'छान आहे' म्हणायचं नाही."

आर्डिस बसली. आणि लाटणं फिरताच, बाईने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने "आई गं" म्हटलं.